दोन पिवळ्या रेघा

वरच्या मजल्यावरची मुलगी सकाळपासून घोकते आहे. "ऊर्जा सलग नसते, ती पुंजांच्या रूपात असते. ऊर्जा सलग नसते, ती पुंजांच्या रूपात असते." बारावीची परीक्षा आठवड्यावर आलीय. गॅलरीत येरझाऱ्या घालत ती पाढे म्हणावेत तशी हे वाक्य म्हणतेय, आणि मी खाली चहाचा कप हातात घेऊन नुसती चरफडतेय. अगं बाई, पुंज म्हणजे काय ते एकदा स्वतःला विचार की! पण ती कशाला विचारेल? वेळ कुठे आहे तिला? मलाही नव्हता. मीही अशीच घोकायचे, आणि त्या घोकंपट्टीनं माझं एक अख्खं वर्ष खाल्लं.

मार्च लागला की माझं नाक आपोआप हिंगाचा आणि पापडखाराचा वास शोधायला लागतं. आता पापड दुकानातून पाकिटात येतात. इमारतीत कुणाच्याही घरी पोळपाटाभोवती बायका जमत नाहीत. तरी मार्चच्या दुपारी ऊन असं पांढरं पडलं की माझ्या बोटांना उडदाच्या पिठाचा चिकटपणा जाणवतो. लोकांना परीक्षा म्हटलं की पेपर आठवतो, मला लाटणं आठवतं.

सन पन्नास उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आपण मुंबईत राहतो असं मुलुंडच्या माणसांना तेव्हा फारसं वाटत नसे. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला मिठागरं, मधे भाताची खाचरं आणि चिंचेची झाडं. आमची चाळ बैठी, कौलारू, आठ खोल्यांची. पुढे शेणानं सारवलेलं अंगण होतं. मागच्या पायरीवर उभं राहिलं की लांबवर मिठाच्या राशी दिसायच्या, पांढऱ्याशुभ्र, एकसंध. जवळ गेलं की त्याच राशीचा दाणा न् दाणा सुटा दिसे. मी लहानपणापासून ते बघत होते, आणि त्यात काही विशेष आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं. वर्गात आम्ही दोघी मुली, त्यातली एक लग्न होऊन गेली. उरले मी. आदल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. किडकिडीत गृहस्थ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी इंग्रजीत विचारलं, क्वांटम म्हणजे काय? मी व्याख्या धाडधाड म्हणून दाखवली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. ते म्हणाले, छान, आता याचा अर्थ सांग. मी तीच व्याख्या परत म्हटली. मग ते थोडे पुढे वाकले आणि चक्क मराठीत, अगदी हळू म्हणाले, "अगं पण म्हणजे काय, बाळ?"

टेबलाच्या लाकडात एक वाकडी रेघ होती, तिच्याकडे बघत मी उभी राहिले. बाकीच्या प्रश्नांचंही मग मला काही सुचेना. नापास झाले.

वाईट वाटलं, रडले, दोन दिवस जेवले नाही. पण खरं सांगू? दुःखापेक्षा चीड जास्त होती. त्यांची नाही, स्वतःची. कारण त्यांनी अगदी रास्त प्रश्न विचारला होता. तीन वर्षं मी ज्याचं नाव घेत होते त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

अण्णा, माझे वडील, फोर्टातल्या एका ऑफिसात हेडक्लार्क होते. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "हे शेवटचं वर्ष. पास झालीस तर उत्तम. नाहीतर टेलिफोनच्या नोकरीला अर्ज करायचा. मी बोलून ठेवलंय." मला टेलिफोनचं वावडं नव्हतं. पण मला फिजिक्स सोडायचं नव्हतं, काही झालं तरी सोडायचं नव्हतं. नीट कळलेलं नसताना एखाद्या गोष्टीवर इतका जीव कसा जडतो कोण जाणे, पण जडला होता.

आणि त्यातच आली पापडांची पाळी. आमच्या चाळीत रीत अशी होती की आठ घरं, आठ दुपारी. रोज एका घरचे पापड. प्रत्येक घरातल्या बाईनं आपलं पोळपाट-लाटणं घेऊन बाकीच्या सातही घरी जायचं. तुम्ही गेला नाहीत, तर तुमच्या पाळीला कुणी येणार नाही. तसं कुणी बोलून दाखवत नसे, पण येतही नसे. त्या वर्षी आईचा उजवा हात मनगटात लचकला होता, म्हणजे आमच्या घरचं लाटणं माझ्या हातात, आणि आई नुसती सोबतीला येऊन बसणार.

"आई, माझी परीक्षा आहे गं!" मी किंचाळलेच.

"गेल्या वर्षीपण होती," आई म्हणाली.

लागलं. पण खोटं होतं का? नव्हतं. मी लाटणं उचललं.

पहिल्या दुपारी माझा एकही पापड गोल झाला नाही. जोरानं दाबायचे, कडा फाटायच्या. शेजारी शेवंताकाकी बसली होती. मालवणकडची, नवरा गिरणीतून निवृत्त झालेला, शिक्षण चौथीपर्यंत, गुडघ्याला कायमची सूज. तिला प्रत्येक गोष्टीत 'कित्याक' लागे. पाऊस कित्याक, ग्रहण कित्याक, अण्णा ऑफिसला टोपी घालून कित्याक जातात. लहान पोरांसारखी 'का' विचारायची तिची सवय साठी आली तरी सुटली नव्हती, आणि चाळ तिला थोडी हसायची.

"काय गो, पापडार राग काढतंस?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "नापास कित्यात झालंस?"

सगळी लाटणी थबकली. वर्षभर हा प्रश्न मला तोंडावर कुणी विचारला नव्हता. पाठीमागे मात्र सगळ्यांनी विचारला होता.

"एक प्रश्न होता, त्याचं उत्तर आलं नाही."

"कसलो प्रश्न?"

"क्वांटम म्हणजे काय."

"मगे म्हणजे काय ता सांग."

आता काय करणार? व्याख्या इंग्रजीत जिभेवर तयार होती. पण ती इथे काय कामाची? समोर नलूवहिनी, आमच्या शेजारच्या खोलीतली, पिठाची लांब वळी तेलाच्या हातानं गुळगुळीत करून दोऱ्यानं तिच्या लाट्या कापत होती. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं हातात. खटाखट लाट्या पडत होत्या. मी बघतच राहिले.

"काकी, ही वळी बघा," मी म्हटलं. "सलग आहे. हवं तेवढं पीठ तोडून घ्या, चिमूटभर नाहीतर मूठभर. लोकांना वाटायचं की उजेड, उष्णता, सगळी ऊर्जा अशीच असते, सलग. पण एका जर्मन प्रोफेसराला तापलेल्या वस्तूच्या उजेडाचं गणित काही केल्या जुळेना. शेवटी नाइलाजानं त्यानं असं धरून चाललं की निसर्ग असं सलग पीठ देतच नाही, लाट्या देतो. घ्यायची तर अख्खी लाटी. अर्धी मागितलीत तर नाही मिळणार. असं धरलं आणि गणित जुळलं."

"सगळ्यो लाट्यो सारख्योच?"

"नाही. रंगाप्रमाणे. तांबड्या उजेडाची लाटी लहान, निळ्याची मोठी, जांभळ्याची त्याहून मोठी. पण एका रंगाच्या सगळ्या लाट्या तंतोतंत सारख्या."

"म्हणजे नलूच्या लाट्यांसारख्या नव्हेत," आई कोपऱ्यातून म्हणाली आणि हशा पिकला. नलूवहिनीनं एक लाटी आईच्या अंगावर भिरकावली.

परीक्षकांना जे सांगता आलं नाही ते मी आत्ता सांगितलं होतं, आणि सांगता सांगता मलाच पहिल्यांदा समजलं होतं. त्याच दुपारी मी ठरवून टाकलं. घोकणं बंद. सात पाळ्या उरल्यात. रोज एक गोष्ट या बायकांना समजावून सांगायची. सांगता आली तर ती मला आली, नाही आली तर घरी जाऊन परत पुस्तक उघडायचं. माझा हट्ट एकदा जागा झाला की तो झोपत नाही, हे आईला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कैऱ्या. चाळीमागच्या आंब्यावर पोरं खडे मारत होती. मी म्हटलं, बारीक खडे दिवसभर मारा, शंभर मारा, कैरी हलेल पण पडणार नाही. देठ तुटायला जेवढा जोर लागतो तेवढा एकाच धोंड्यात हवा. काही धातूंवर उजेड पडला की त्यातून इलेक्ट्रॉन नावाचे इवलेसे कण बाहेर उडतात. पण तांबडा उजेड कितीही झगझगीत पाडा, एक कण सुटत नाही. जांभळा अगदी मंद पाडला तरी लगेच सुटतो. का? तर लाटी मोठी. ढीग मोठा असून चालत नाही.

"पण दोन खडे एकदम बसले तर?" नलूवहिनीनं विचारलं. ती हसण्यावारी नेईल असं मला वाटलं होतं, पण ती लाटणं धरून खरंच थांबली होती. मी म्हटलं, एकाच देठावर, त्याच क्षणी दोन बसणं जवळजवळ होतच नाही. घरी जाऊन पुस्तकात बघितलं. बरोबर निघालं. तेव्हा जो आनंद झाला, तो मला आदल्या तीन वर्षांत एकदाही झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मात्र माझी पंचाईत झाली. मिठागरात समुद्राचं पाणी आत घ्यायला फळ्यांची दारं असतात. मी सांगितलं, शेजारशेजारची दोन दारं उघडली तर दोन्हींतून तरंग आत येतात. जिथे उंचवट्याला उंचवटा भेटतो तिथे पाणी चढतं, उंचवट्याला खळगा भेटतो तिथे सपाट. उजेडही दोन बारीक फटींतून सोडला की पलीकडे पट्टे पडतात, उजळ, काळा, उजळ, काळा. म्हणजे उजेड तरंग आहे.

"काल तर म्हणालीस सुट्या लाट्या आहेत, दाण्यांसारख्या," आई म्हणाली.

"दाणेही आहेत. उजेड इतका मंद केला की एका वेळी एकच दाणा जाईल, तरी पलीकडे एकेक ठिपका पडत पडत शेवटी पट्टेच तयार होतात."

काकीनं लाटणं खाली ठेवलं. "एक दाणो दोन दारांतून कसो जातलो?"

"कळत नाही, काकी. पण होतं तसंच."

"अगो, कळणा नाय ता पण शिकवतत तुमका?" तिला तो मोठाच विनोद वाटला. मी रडायच्या बेताला आले. मग लक्षात आलं की मला कळत नाही ते नुसतं मलाच कळत नाही असं नाही. पुस्तक लिहिणारेही तिथे दोन वाक्यं गोलगोल लिहून पुढे गेले होते. आपलं अज्ञान आणि जगाचं अज्ञान यांत फरक करता येणं हीही एक इयत्ता आहे, ती मी पोळपाटावर पास झाले.

त्या दिवसांत मी चुकीचंही सांगितलं, तेही कबूल करते. दही लागलं का ते बघायला नलूवहिनी सारखं झाकण काढायची, भांडं हलवायची, आणि दही मोडायचं. मी म्हटलं, इलेक्ट्रॉनचंही तसंच. तो इतका लहान की बघायला उजेडाची एक लाटी टाकली तरी त्याला धक्का बसतो. कुठे आहे ते कळलं की कुणीकडे, किती वेगानं चाललाय ते हातचं जातं. बायकांना हे एकदम पटलं, नलूवहिनी दोन दिवस सगळ्यांच्या टोमण्यांची धनी झाली. पण ही अर्धीच गोष्ट आहे. दही तरी आपण बघण्याआधी एक तर लागलेलं असतं किंवा नसतं. इलेक्ट्रॉनला ती सोय नाही. नेमकी जागा आणि नेमका वेग या दोन गोष्टी त्याच्यापाशी एकाच वेळी नसतातच. आपला हात धसमुसळा आहे म्हणून हे होत नाही, जग मुळात तसं आहे. हे मला पुष्कळ उशिरा उमगलं, आणि नलूवहिनीची माफी मागायची राहून गेली.

मग आली आमची पाळी. सातवी दुपार. परीक्षेला अकरा दिवस. पापडाच्या पाण्याचं काम माझ्याकडे होतं. मोजून पाणी घ्यायचं, त्यात मीठ आणि पापडखार घालून स्टोव्हवर उकळायचं, गाळून गार करायचं, त्यात उडदाचं पीठ भिजवायचं. त्या पाण्यावर वर्षाचे पापड अवलंबून. आईनं दोनदा बजावलं होतं, "उकळी फुटली की लगेच उतरव. लक्ष कुठे असतं तुझं देव जाणे."

लक्ष पुस्तकात होतं. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात पुस्तक. अणूत इलेक्ट्रॉनला ठरावीक पायऱ्या असतात, जिन्यासारख्या. या पायरीवर उभं राहता येतं, त्या पायरीवर येतं, दोन पायऱ्यांच्या मधे उभं राहता येत नाही. मी ते तोंडातल्या तोंडात स्वतःला मराठीत सांगत होते आणि एवढ्यात फस्स्स! पाणी उतू गेलं. स्टोव्हची निळी ज्योत एका क्षणात पिवळी झाली. सगळीच्या सगळी. हळदीसारखी दाट पिवळी.

"कार्टे! पाणी गेलं सगळं!" आई धावली.

मी भांडं उतरवलं नाही. मी बघत होते. हा पिवळा मला माहीत होता. कॉलेजच्या काळोख्या खोलीत सोडियमच्या दिव्याचा हाच रंग मी तीन वर्षं उजेडाचे रंग फोडून दाखवणाऱ्या यंत्रातून पाहिला होता. तो माझ्या स्वयंपाकघरात काय करत होता?

"त्यात काय बघतंस गो?" काकी दारात उभी होती, मागे लाटायला जमलेल्या बाकीच्या बायका. "पेज उतू गेली की होताच तसा."

"आणि चहाचं आधण उतू गेलं तर?"

आई भांडं उतरवता उतरवता थांबली. "नाही. तेव्हा नुसता तडतडतो."

"आमटीनं होतो," नलूवहिनी म्हणाली. "पिठल्यानं होतो. भाताचं अळणी पाणी सांडलं तर नाही होत तितका."

मी डब्यातून चिमूटभर मीठ घेतलं आणि ज्योतीवर टाकलं. पिवळा. बायकांच्या तोंडून एकदम "अगं बाई" निघालं. वर्षानुवर्षं सगळ्यांनी पाहिलेलं, आणि आज पहिल्यांदा पाहिलेलं.

मग मी त्या सांडलेल्या पाण्यात बसून सांगितलं. मिठात सोडियम असतं, पापडखारातही असतं. त्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन खालच्या पायरीवर बसलेला असतो. ज्योत त्याला वर ढकलते. तो वर टिकत नाही, खाली येतो, आणि येताना उजेडाची एक लाटी टाकतो. पायऱ्यांमधलं अंतर जेवढं, तेवढ्याच मापाची लाटी. मिठाच्या प्रत्येक कणात ते अंतर तेच, म्हणून पिवळाही तोच. मुलुंडचं मीठ असो नाहीतर जर्मनीचं. सूर्याचा उजेड यंत्रातून रंगांत फोडला तर त्यातही याच पिवळ्याच्या जागी सोडियमची खूण सापडते.

"सूर्यात मीठ आसा?" काकीनं विचारलं.

"मीठ नाही, पण मिठातलं सोडियम आहे."

ती मागच्या पायरीवर गेली आणि डोळ्यांवर हात धरून मिठाच्या राशींकडे बराच वेळ बघत उभी राहिली. गुडघा दुखत होता तरी बसली नाही.

आज दुपारी न राहवून मी वरच्या मुलीला खाली बोलावलं. गॅस पेटवला, मिठाची चिमूट टाकली. "बघ," म्हटलं, "हा पुंज. डोळ्यांनी बघ." तिनं बघितलं, हसली, आणि म्हणाली, "आजी, मस्तच आहे, पण हे पेपरात येत नाही." येत नाही, मला माहीत आहे. तिला म्हटलं, उद्या परत ये. ती आली नाही तर मी वर जाईन.

त्या वर्षीचे आमचे पापड फुलले नाहीत. उतू गेलेल्याच्या अंदाजानं आईनं साधं पाणी वाढवलं, खार कमी पडला, आणि वर्षभर आम्ही चामडं चावल्यासारखे पापड चावले. चाळीनं त्यांचं नाव 'फिजिक्सचे पापड' ठेवलं. अण्णा रोज एक घ्यायचे, मुकाट्यानं चावायचे.

प्रॅक्टिकलच्या दिवशी प्रयोगाच्या चिठ्ठ्या उचलायच्या होत्या. माझ्या चिठ्ठीत सोडियमचा दिवा निघाला. देव आहे असं मला त्या क्षणी वाटलं, आणि पुढच्याच क्षणी परीक्षक आत आले. तेच. किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पण मी ठरवून आले होते की या खेपेला टेबलाकडे बघायचं नाही, माणसाकडे बघायचं.

त्यांनी यंत्राला डोळा लावला. "काय दिसतं?"

"दोन रेघा, सर. पिवळ्या. अगदी जवळजवळ."

"पिवळ्याच का?"

मी इंग्रजीत सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला अडखळले. तिसरं तर घोकलेलंच बाहेर यायला लागलं. मी थांबले, श्वास घेतला. "सर, मराठीत सांगू?"

त्यांनी चष्मा काढला. "सांग."

मी सांगितलं. स्टोव्ह, पेज, पायरी, लाटी. पलीकडच्या टेबलावरचा मुलगा फिसकन हसला.

"लाटी?" परीक्षक म्हणाले.

"पापडाची, सर. अख्खी मिळते. अर्धी मिळत नाही."

ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, वाट लागली, टेलिफोनच्या ऑफिसात बसलेली मी मला दिसायला लागले. मग ते वळले. "आणि रेघा दोन का?"

मला माहीत नव्हतं. "माहीत नाही, सर. आमच्या पुस्तकात शोधलं, सापडलं नाही. पण मला ते हवंय."

"हं," ते म्हणाले, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ढिम्म काही कळलं नाही. घरी येऊन मी आठ तास झोपले.

निकाल पेपरात यायचा, क्लासवार, नुसते नंबर. त्या सकाळी अण्णा स्टेशनवरून पेपर घेऊन आले, ओट्यावर बसले, बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले. परत वरपासून बोट फिरवलं, परत त्याच जागी थांबले. "सेकंड क्लास," ते म्हणाले. आईनं देवापुढे साखर ठेवली आणि उरलेली माझ्या तोंडात कोंबली. मी हसत होते की रडत होते ते आठवत नाही. दोन्ही असेल.

शेवंताकाकी लंगडत आली आणि पायरीवर टेकली. अभिनंदन वगैरे तिच्या गावी नव्हतं. "काय विचारल्यानी?"

मी सगळं सांगितलं. दोन रेघांपाशी तिनं मला अडवलं. "दोन? स्टोवार तर एकच पिवळो दिसता."

"डोळ्यांना एक दिसतो. यंत्रातून दोन रेघा दिसतात."

"दोन कित्याक?"

"माहीत नाही, काकी."

"मगे कोणाक म्हायत आसा?"

"एम.एस्सी.ला शिकवतात म्हणे."

अण्णा पेपरची घडी घालत होते, त्यांचे हात थांबले. तोवर आमच्या घरात एम.एस्सी. हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. पास होणं एवढंच ठरलेलं होतं. पुढचं मागायची माझी छाती नव्हती, आणि आता तो शब्द बाहेर पडून ओट्यावर सगळ्यांच्या मधोमध येऊन बसला होता.

काकी वळली. "अण्णानू, मगे ह्या पोरीक थंय घाला."

"काकी, दोन वर्षं जातील," अण्णा म्हणाले. "मुलीचं वय झालं. आम्ही स्थळं बघायला सुरुवात करणार होतो."

"स्थळां खंय पळान जातत? आणि मी खंय मरतंय दोन वर्सांत? माका कळूक व्हया."

अण्णांनी पेपरची आणखी एक घडी घातली. मग माझ्याकडे बघितलं. "आणि तुला?"

"मलाही हवंय, अण्णा." मी त्यांच्याकडेच बघत होते.

"बरं," ते म्हणाले. मग आईकडे वळून, "पण यापुढे पापडाचं पाणी हिला उकळायला देऊ नका."

नाही दिलं. दोन वर्षांनी मार्चमध्ये मी नुसती लाटायला बसले होते, शेजारी काकी. मी तिला सांगितलं की वरची पायरी एक नाहीच, त्या दोन आहेत, एकमेकींना अगदी लागून. इलेक्ट्रॉन म्हणजे जणू एक इवलंसं लोहचुंबक, आणि त्याला तोंड करायला दोनच दिशा, मधली एकही नाही. एका दिशेला तोंड असलं की पायरी केसभर वर, दुसऱ्या दिशेला असलं की केसभर खाली. म्हणून लाट्याही दोन मापांच्या, केसभर फरकाच्या. म्हणून दोन रेघा.

काकीनं लाटणं थांबवून सगळं ऐकून घेतलं. मग हातातला पापड उचलून उजेडाकडे धरला, कड नीट आहे का बघितली आणि सुपात टाकला.

"बरा," ती म्हणाली. "आता फुडचा सांग."